नवीन शेळ्या घेताय? जिवाणूंच्या आजारांपासून कळप आणि घर कसं राखायचं

आमच्याकडे शेळ्या आल्या त्याच वर्षी कळपातलं सगळ्यात चांगलं करडू मेलं. माघात ज्वारी काढून झाली होती. पेंढ्या बांधल्यावर रानात पडलेली कणसं वाया जायला नकोत म्हणून शेळ्या तिथं सोडल्या. संध्याकाळी सगळ्यांची पोटं टम्म. मला बरं वाटलं, आज पोटभर चरल्या. सकाळी शेडचं दार उघडलं तर चार महिन्यांचा काळाभोर बोकड आडवा पडलेला. मान पाठीकडं वळलेली आणि पायांजवळची माती खुरांनी उकरून उकरून खोल गेलेली. बाकीच्या शेळ्या शांतपणे रवंथ करत होत्या. कुणी म्हणालं साप चावला, कुणी म्हणालं नजर लागली. पशुवैद्यक डॉक्टर आले, पोट उघडून पाहिलं आणि म्हणाले, आंत्रविषार.

दोन वर्षांनी शेळ्यांचाच एक जिवाणू माझ्या सासूबाईंच्या रक्तात निघाला. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते. हे दोन्ही आजार टाळता आले असते, पण आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडच्या ज्या ताया-भावांनी बचत गटाच्या कर्जातून पाच-दहा उस्मानाबादी शेळ्या नुकत्या घेतल्यात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मेंढरं पाळणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या. शेळ्यांचे काही आजार विषाणूंमुळे होतात आणि काही जिवाणूंमुळे. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि देवी हे विषाणूंचे. त्या विषाणूवर प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालत नाही, खरा आधार लसीचाच. आंत्रविषार, घटसर्प (जनावरांचा, माणसाचा नव्हे), फाशी (अँथ्रॅक्स), धनुर्वात, कासेची दगडी, खूर सडणं आणि सांसर्गिक गर्भपात हे जिवाणूंचे. यांतल्या काहींवर औषध चालतं, पण आंत्रविषार, फाशी, धनुर्वात असे कितीतरी इतके झपाट्यानं येतात किंवा इतके चिवट असतात की औषध आणेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून खालच्या बऱ्याच पायऱ्या आजार येण्याआधीच्या आहेत.

पहिली पायरी: बाजारात हात लावून बघा

हाळी-हंडरगुळीचा बाजार असो, नेकनूरचा असो की माळेगावची यात्रा, शेळी नुसती डोळ्यांनी पसंत करू नका. कानाखाली, जबड्याखाली आणि खांद्यापुढं बोटं फिरवा. लिंबाएवढी टणक गाठ लागली तर ती शेळी सोडून द्या. गाठींचा एक जिवाणूजन्य आजार आहे, त्यातली गाठ फुटली की पिवळट-हिरवट घट्ट पू येतो आणि तो पू जिथं सांडतो तिथून दुसऱ्या शेळ्यांना लागण होते. कास दोन्ही हातांनी चाचपा. एक बाजू दगडासारखी घट्ट लागली तर तिची करडं उपाशी राहणार. बोकड घेत असाल तर त्याची अंडं बघा. एक सुजलेलं, एक लहान असा बोकड कितीही देखणा असला तरी नको.

आणि विकणाऱ्याला सरळ विचारा, ही कधी गाभडली होती का, म्हणजे हिचं पिल्लू दिवस भरायच्या आधीच पडलं होतं का? खरं उत्तर मिळेलच असं नाही. पण वयानं मोठी, अंगानं चांगली, आणि तरी स्वस्तात मिळणारी शेळी कशामुळे विकायला आली, हा प्रश्न मनात ठेवाच.

दुसरी पायरी: एकवीस दिवस वेगळं

नवीन जनावर आणलं की थेट जुन्या कळपात घालू नका. किमान एकवीस दिवस, जमलं तर महिनाभर वेगळ्या दावणीला बांधा. पाण्याची बादली वेगळी, गव्हाण वेगळी. चारा-पाणी करताना आधी जुन्या शेळ्यांचं उरका, मग नव्यांचं. उलटं केलं तर तुमच्याच चपलांबरोबर आजार इकडून तिकडं जातो.

पिकअपमध्ये दाटीवाटीनं भरून, वाटेत भिजून किंवा उन्हानं तावून आलेल्या शेळ्यांना दोन-चार दिवसांत ढास लागते, नाकातून घट्ट शेंबूड येतो. फुफ्फुसदाहाचे जिवाणू निरोगी शेळीच्याही घशात असतात. प्रवासानं जनावर खचलं की त्यांना वाट मिळते. म्हणून आणल्या दिवशी पाणी, गूळ घातलेलं असलं तर उत्तम, वाळला चारा आणि विश्रांती. त्या दिवशी खुराक नाही.

तिसरी पायरी: थर्मामीटर विकत घ्या

मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. त्यावर थोडं तेल लावा, शेपटी वर धरा, टोक गुदद्वारात दीड-दोन इंच हळू सरकवा आणि बाजूच्या भिंतीला टेकवा. लेंडीत खुपसला तर आकडा चुकतो. निरोगी शेळीचं तापमान 102 ते 103 फॅरनहाइटच्या आसपास असतं. आपल्याकडं वैशाखात दुपारी उन्हातून आलेल्या शेळीचं थोडं जास्त दिसतं, म्हणून मोजायचं ते सकाळी, सावलीत. 104 च्या वर गेलं की ताप समजा.

पहिले पंधरा दिवस धडधाकट शेळ्यांचंच तापमान घेऊन वहीत लिहा. हात बसतो, आणि आपल्या कळपाचं नेहमीचं काय ते कळतं. नंतर डॉक्टरांना फोन करताना "शेळी मलूल आहे" म्हणण्यापेक्षा "सकाळपासून 105 आहे, रवंथ बंद, लेंडी पातळ" असं सांगता आलं तर त्यांनाही लगेच अंदाज येतो.

चौथी पायरी: आंत्रविषाराची तारीख मृगावरून मोजा

माझ्या बोकडाचा जीव गेला तो या आजारानं, त्यामुळे इथं थोडं थांबते.

आंत्रविषाराचा जिवाणू बाहेरून यावाच लागतो असं नाही. तो निरोगी शेळी-मेंढीच्या आतड्यात थोड्या संख्येनं असतोच. एकदम भरपूर धान्य, कोवळं लुसलुशीत गवत किंवा करडाला एकदम जास्त दूध मिळालं की न पचलेलं पीठूळ अन्न आतड्यात उतरतं आणि तो काही तासांत बेसुमार वाढतो. त्याचं विष रक्तात गेलं की मेंदू आणि मूत्रपिंडावर घाव बसतो. म्हणूनच हा आजार कळपातलं रोडकं पिल्लू सोडून सगळ्यात खादाड, गुबगुबीत पिल्लू उचलतो. करडू गोल फिरतं, डोकं मागं टाकतं, पाय झाडतं आणि जातं. मोठ्या शेळीला आधी पाण्यासारखी हगवण लागू शकते. ताप बहुतेकदा नसतो, त्यामुळे थर्मामीटरवर इथं विसंबू नका.

आपल्याकडं धोक्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. मृगाचा पाऊस पडून बांधावर नवं गवत फुटतं ती पहिली. ज्वारी, मका, हरभरा काढल्यावर रान मोकळं होतं ती दुसरी. आणि तिसरी लग्नसराईची, पंगतीतला उरलेला भात आणि पोळ्या पाटीभर आणून शेळ्यांपुढं ओततात ती. हे तिसरं फार होतं आणि मायेनंच होतं. भाताच्या त्या एका पाटीनं पोटात आम्लही वाढतं, आणि आंत्रविषार झाला नाही तरी शेळी आम्लानं मरू शकते. उरलेलं अन्न द्यायचंच तर मूठभर, वाळल्या कडब्यावर, आणि सगळ्यांत वाटून.

लस या आजारावर चांगली काम करते, पण वेळेवर टोचली तरच. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावराला दोन मात्रा लागतात, मध्ये दोन ते तीन आठवड्यांचं अंतर. दुसऱ्या मात्रेनंतर अंगात पुरती ताकद यायला आणखी दोनेक आठवडे. मृग साधारण 7 जूनला निघतो. तिथून मागं मोजलं तर पहिली मात्रा एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवी. गवत फुटल्यावर दवाखान्यात धावण्यात अर्थ नाही, त्या पावसाळ्यातले सुरुवातीचे धोक्याचे दिवस तोवर निघून जातात. पुढं दरवर्षी एक मात्रा द्या. मेंढ्यांपेक्षा शेळ्यांत या लसीचा जोर लवकर ओसरतो, म्हणून धान्याच्या रानात चारणाऱ्यांनी वर्षातून दोनदा टोचावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी लस दिली तर चिकातून करडाला पहिले काही आठवडे संरक्षण मिळतं. करडाची स्वतःची लस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

लसीच्या आठ-पंधरा दिवस आधी जंताचं औषध द्या. लस आणताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. ती 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायची, पण फ्रीजरमध्ये गोठवायची नाही. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत अर्धा तास राहिलेली बाटली टोचून उपयोग होईल याची खात्री देता येत नाही. गावातल्या पाच-सहा जणींनी एकत्र मागणी केली तर एक बाटली एकाच सकाळी संपते, फोडलेली लस उरत नाही. आम्ही गटात असंच करतो.

घटसर्पाची लसही पावसाळ्याआधीचीच. पीपीआरचीही चौकशी त्याच वेळी करून टाका. कोणत्या दोन लसी एका दिवशी चालतात आणि कोणत्यांत अंतर ठेवायचं, ते डॉक्टर ठरवतील.

पाचवी पायरी: चिखलाचे दिवस

आपली काळी माती पावसात खुराच्या फटीत घट्ट बसते. फटीतली कातडी भिजून मऊ पडते आणि जिवाणू आत शिरतात. मेंढी गुडघ्यावर बसून चरू लागली, खुराला कुबट वास यायला लागला की खूर सडतंय हे ओळखा. शेडच्या दारात उथळ हौद करून त्यात झिंक सल्फेटचं दहा टक्के पाणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात एक किलो, भरून जनावरं त्यात काही मिनिटं उभी करा. जुनी माणसं मोरचूद वापरतात, पण मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. मोरचुदाचं पाणी तिच्या तोंडी लागलं तर जीवावर बेततं.

शेडमध्ये मुताचा डोळे झोंबणारा वास येत असेल तर फुफ्फुसदाह लांब नाही. उंचवटा करा, मुरूम टाका, भिंतीवरून वारा जाऊ द्या.

सहावी पायरी: व्यायच्या दिवशी

नाळ पोटापासून दोन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्यानं बांधा, नव्या ब्लेडनं कापा आणि टोक टिंचर आयोडीनमध्ये बुडवा. राख, शेण, हळद काही लावू नका. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे जिवाणूचं चिवट, टिकून राहणारं रूप, माती-शेणातच असतात. बोकड खच्ची करतानाही हीच काळजी. चीक अर्ध्या तासात, उशिरात उशिरा पहिल्या तासात करडाच्या पोटात गेला पाहिजे. वार (जार) पडल्यावरच चीक पाजायचा ही समजूत अजून गावोगाव आहे आणि तिनं खूप करडं मारली आहेत. वार पडायला कित्येक तास लागू शकतात, तोपर्यंत करडाला थांबवून ठेवू नका.

कास गरम, लाल, दुधात गुठळ्या असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. कास निळी आणि गार पडायला लागली की शेळीचाच जीव धोक्यात येतो.

सातवी पायरी: शेळी गाभडली तर

हे नीट वाचा, आणि घरातल्या बायांना वाचून दाखवा. शेळीचं बाळंतपण आपल्याकडं बायाच करतात, आणि उघड्या हातांनी करतात.

शेळी साधारण पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस गाभण असते. शेवटच्या दोन महिन्यांत कळपातली एक गाभडली, मग दुसरी गाभडली, वार अडकली, तर ब्रुसेला या जिवाणूची, म्हणजे वर सांगितलेल्या सांसर्गिक गर्भपाताची, शंका घ्यायची. झुंजीत पोटाला मार लागूनही शेळी गाभडते. क्लॅमिडिया, लेप्टोस्पायरा, क्यू ताप अशी इतर कारणंही आहेत. त्यामुळे बघून निदान करता येत नाही. पण कारण कुठलंही असो, वागायचं एकाच पद्धतीनं.

गाभडलेलं पिल्लू, वार आणि ते पाणी यांत जिवाणूंचा साठा असतो. हातमोजे घाला. नसतील तर दोन्ही हातांवर जाड, न फाटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मनगटाला बांधा. तोंडा-नाकाला पदर नको, मास्क लावा. पाणी उडून डोळ्यांत जाणार नाही असं बघा. घरात पोटुशी बाई असेल तर तिला त्या बाजूला फिरकूही देऊ नका, लहान मुलांनाही नाही.

आधी डॉक्टरांना किंवा जनावरांच्या सरकारी सेवेच्या 1962 या क्रमांकावर फोन करा. नमुने घ्यायचे असतील तर पिल्लू आणि वार दुहेरी पिशवीत, बर्फात ठेवायला सांगतील. कळपाच्या रक्ताची तपासणी होते ती मागून घ्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचं ते डॉक्टरांना माहीत असतं. नमुना झाल्यावर उरलेलं खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकलं तर कुत्री गावभर ओढत नेतील. खाली अंथरलेलं पाचट जाळा. ती जागा फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडरनं धुवा आणि ऊन लागेल अशी उघडी करा. हा जिवाणू कडक उन्हात लवकर मरतो, पण सावलीतल्या ओल्या मातीत कित्येक आठवडे टिकतो.

गाभडलेली शेळी वेगळी बांधा. तिच्या अंगावरचं जाणं आठवडेच्या आठवडे चालू राहतं, आणि त्यातून व दुधातून जिवाणू बाहेर पडतो. तपासणीत ब्रुसेला निघाला तर तिच्यावर औषधाचा खर्च करू नका. कळपातली लागण औषधानं खात्रीनं जात नाही, ती शेळी पुढच्या वेताला नीट व्यायली तरी जिवाणू सोडतच राहू शकते. कालवडींना ब्रुसेलाची जी सरकारी लस चौथ्या ते आठव्या महिन्यात देतात, ती शेळ्यांसाठी नाही. अशी शेळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं कळपातून काढायची असते. आणि ती बाजारात नेऊन दुसऱ्या कुणा ताईच्या गळ्यात बांधायची नसते. मला माहीत आहे की त्यात पैसे बुडतात. आमचेही बुडाले. पण आमच्याकडं हा आजार अशाच कुणीतरी विकलेल्या शेळीतून आला असणार, असं मला आजही वाटतं.

आठवी पायरी: जनावर अचानक मेलं तर

नाका-तोंडातून किंवा शेपटीखालून काळसर, न गोठणारं रक्त आलं असेल तर कातडं सोलू नका, पोट फाडू नका, मांस वाटू नका. ही फाशी असू शकते, आणि माणसाला तिच्यातून काळपुळी होते. मेलेलं जनावर उघडलं की जिवाणूला हवा लागते आणि तो बीजाणू बनून मातीत दशकानुदशकं राहतो. डॉक्टर कानातल्या थेंबभर रक्तावरून तपासतात. तोवर कुत्री-गिधाडं लांब ठेवा. नंतर सहा फूट खड्डा आणि भरपूर चुना. हातावर न दुखणारा, मध्ये काळी खपली असलेला फोड आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यावर औषध आहे.

नववी पायरी: औषधाची बाटली

मेडिकलमधून प्रतिजैविक आणून अंदाजानं टोचणं बंद करा. मात्रा शेळीच्या वजनावर ठरते. दोन दिवसांत चरायला लागली म्हणून तिसरं इंजेक्शन टाळलं तर उरलेले जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, घाव घालतं; सांसर्गिक फुफ्फुसदाहाच्या जिवाणूला तर ती नसतेच, त्याच्यावर पेनिसिलिन कितीही टोचा, फरक पडणार नाही. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या शेळीचं दूध वापरू नका, बोकड खाटकाला देऊ नका.

दहावी पायरी: घरात कुणाला ताप आला तर

सासूबाईंना संध्याकाळी कणकण यायची, रात्री घामानं लुगडं भिजायचं, सकाळी बरं वाटायचं. आठ दिवस चांगले जायचे, परत ताप. कंबर आणि गुडघे इतके दुखायचे की भाकरी थापायला बसवत नसे. चार महिने हेच. मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, एका ठिकाणी संधिवात म्हणून पाठवून दिलं. शेवटी लातूरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, घरी शेळ्या आहेत का?" सासूबाई म्हणाल्या, "आहेत की. मीच व्यालवते सगळ्या." रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला.

या आजाराचं जुनं नाव माल्टा ताप. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना असाच येऊन-जाऊन ताप यायचा. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांना 1887 साली त्याचा जिवाणू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झमिट यांनी बेटावरच्या शेळ्या तपासल्या. दिसायला धडधाकट शेळ्या, आणि जिवाणू त्यांच्यात, त्यांच्या दुधात. तुमच्या दावणीची शेळी तुकतुकीत दिसते म्हणून तिचं धारोष्ण दूध पिऊ नका. डेंग्यूच्या दिवसांत लोक प्लेटलेट वाढायला म्हणून शेळीचं कच्चं दूध मागायला येतात. द्या, पण उकळून घ्या असं प्रत्येकाला सांगा. चांगली उकळी आली की हा जिवाणू मरतो.

आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरातलं कुणीही तापासाठी डॉक्टरांकडं गेलं तर पहिल्याच वाक्यात सांगा: आमच्याकडं शेळ्या आहेत, अमुक महिन्यात एक गाभडली होती, आम्ही हात लावला होता. पुरुषांनी अंडं सुजली असतील तर लाजू नका, तेही सांगा. गर्भार बाईनं तर सांगायलाच हवं, या आजारानं गर्भपात होऊ शकतो. उपचारात दोन औषधं एकत्र आणि बहुतेकदा सहा आठवडे द्यावी लागतात. दहाव्या-बाराव्या दिवशी ताप जातो आणि माणसं गोळ्या सोडतात, मग तोच ताप पुन्हा उलटतो.

सासूबाईंनी सहा आठवडे एकही गोळी चुकवली नाही. कॅलेंडरवर रोज कोळशानं रेघ ओढायच्या. आता शेडच्या खुंटीला हातमोज्यांचा डबा टांगलेला असतो. शेळीला कळा सुरू झाल्या की तो त्या स्वतः काढतात आणि आधी मला देतात.